जुलैच्या उत्तरार्धातच दरडी का कोसळतात?

दरडी कोसळण्याच्या मोठ्या दुर्घटनांच्या तारखा एकाखाली एक मांडल्या, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन या गावांवर डोंगर आला तो २५ व २६ जुलै २००५ रोजी. त्यात सुमारे दोनशे माणसे दगावली. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी मातीखाली गेले आणि १५१ जणांचा बळी गेला. महाड तालुक्यातीलच तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी ऐंशीहून अधिक ग्रामस्थ गाडले गेले. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. तेथे २७ मृतदेह हाती लागले, ५७ जणांचा शोध लागलाच नाही. सह्याद्रीच्याच दक्षिण टोकाकडे, केरळमधील वायनाड जिल्ह्यात, मुंडक्कई आणि चूरलमला या वस्त्या वाहून गेल्या ती तारीख होती ३० जुलै २०२४.

मोसमी पाऊस कोकणात साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दाखल होतो. एका दिवसात दोनशे मिलिमीटर पाऊस जूनमध्येही पडतो. मग डोंगर कोसळण्यासाठी जुलैचा उत्तरार्ध का उजाडावा लागतो? या प्रश्नाच्या उत्तरातच दरडींचे सारे शास्त्र सामावलेले आहे. डोंगर पाडतो तो केवळ त्या दिवशी पडणारा पाऊस नव्हे. आधीचे काही आठवडे डोंगराच्या पोटात मुरत गेलेले पाणी उताराला कड्याच्या टोकावर आणून उभे करते आणि शेवटच्या एक-दोन दिवसांचा मुसळधार पाऊस त्याला धक्का देतो. हा हिशेब नीट मांडता आला, तर माणसे वेळेत हलवता येतात. तो मांडला नाही, तर प्रत्येक दुर्घटना अचानक घडल्यासारखी वाटते.

उतार उभा कसा राहतो?

डोंगराच्या उतारावरील माती आणि दगडगोटे सतत खाली येऊ पाहत असतात. गुरुत्वाकर्षण त्यांना चोवीस तास ओढत असते. तरीही ते शतकानुशतके जागच्या जागी राहतात, कारण दोन गोष्टी त्यांना धरून ठेवतात. पहिली म्हणजे कणाकणांमधील घर्षण. वरच्या थराचे वजन खालच्या कणांना एकमेकांवर दाबते, आणि जितका हा दाब अधिक तितके ते एकमेकांना घट्ट धरतात. दुसरी म्हणजे चिकटपणा. चिकणमातीत तो अंगचाच असतो, मुरमाड मातीत कमी असतो आणि झाडांची मुळे त्यात भर घालतात.

या चिकटपणात पाण्याचाही वाटा असतो, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. दिवाळीत मातीचा किल्ला करणाऱ्या मुलांना ते अनुभवाने कळलेले असते. अगदी कोरड्या मातीचा बुरूज उभा राहत नाही, तो ढासळतो. माती जरा ओलसर केली की तीच माती जवळजवळ सरळ उभी राहते. कणांमधल्या बारीक पोकळीत पाण्याचा पातळ पडदा असतो आणि तो दोन कणांना एकमेकांकडे खेचतो. डोंगरावरील मातीतही कोरड्या महिन्यांत आणि पावसाच्या सुरुवातीला हेच घडते. म्हणून उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या सरींनी डोंगर सहसा खचत नाही. तो ते पाणी पिऊन घेतो.

त्याच किल्ल्यावर तांब्याभर पाणी ओतले, की बुरूज खाली बसतो. पोकळ्या पाण्याने पूर्ण भरल्या की पडद्याची ती ओढ नाहीशी होते. उताराला आधार देणारा एक हात येथेच सुटतो. मात्र खरा घात यानंतर होतो.

विहिरीतल्या घागरीचे उदाहरण

विहिरीतून घागर शेंदणाऱ्याला ठाऊक असते, की घागर पाण्यात असेपर्यंत हलकी लागते आणि पाण्याबाहेर येताच हाताला जड होते. पाणी तिला खालून उचलून धरत असते. मातीच्या कणांचेही तसेच होते. डोंगरात मुरलेले पाणी खालच्या कठीण खडकावर साठू लागते आणि त्याची पातळी मातीच्या थरात हळूहळू वर चढते. त्या पातळीखालचे कण पाण्यात बुडतात, पाणी त्यांना उचलून धरते आणि ते एकमेकांवर पूर्वीइतक्या जोराने दाबले जात नाहीत. दाब कमी झाला की घर्षण कमी होते. कणांमधील पोकळीत साठलेल्या पाण्याच्या या दाबाला रंध्रदाब म्हणता येईल. मातीची ताकद तिच्या एकूण वजनावर ठरत नाही, त्या वजनातून रंध्रदाब वजा केल्यावर उरणाऱ्या दाबावर ठरते, हे तत्त्व ऑस्ट्रियात वाढलेले अभियंते कार्ल टर्झागी यांनी १९२० च्या दशकात मांडले. आधुनिक मृदा-यांत्रिकीचा पाया त्यावरच उभा आहे.

येथे निसर्ग दुहेरी डाव खेळतो. धरून ठेवणारे घर्षण घटते. पण खाली ओढणारे वजन घटत नाही, उलट वाढते, कारण उताराच्या दिशेने माती आणि तिच्यात साठलेले पाणी या दोघांचेही वजन ओढ लावत असते. हे पाणी थोडेथोडके नसते. एक हेक्टर उतारावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा लाख लिटर, म्हणजे एक हजार टन पाणी पडलेले असते. त्यातील काही वाहून जाते, काही मुरते.

आकड्यांत सांगायचे तर चिकटपणा नसलेली एखादी मुरमाड माती कोरडी असताना सुमारे ३४ अंशांच्या चढापर्यंत तग धरू शकते. तीच माती तळापासून पृष्ठभागापर्यंत पाण्याने भरली आणि पाणी उताराला समांतर वाहू लागले, तर तिची ताकद निम्म्यावर येते आणि ती १८-१९ अंशांच्या उतारावरही टिकू शकत नाही. एरवी सुरक्षित वाटणारा, गुरे चरतात तो साधा उतार एखाद्या रात्रीत धोकादायक होतो, त्यामागचे कारण हेच.

रांजण भरायला लागणारा वेळ

आता जुलैच्या प्रश्नाकडे वळता येईल. डोंगरावरील मातीचा थर म्हणजे तळाशी बारीक भोक असलेला रांजण समजावा. वरून पाऊस ओतला जातो, खालून झरे आणि पाझर यांच्या वाटे पाणी निघून जाते. ओतण्याचा वेग गळतीपेक्षा कमी असेतो पातळी वाढत नाही. समजा, मातीचा थर तीन मीटर जाडीचा आहे आणि त्यात पाण्याने भरता येईल अशी जागा पंधरा टक्के आहे. असा थर पूर्ण भरायला ४५० मिलिमीटर पाणी आत मुरावे लागेल. पडलेल्या पावसातील बराच भाग पृष्ठभागावरून ओढ्याला मिळतो, काही बाष्प होऊन उडतो आणि काही झऱ्यांतून बाहेर येतो. त्यामुळे रांजण काठोकाठ भरायला प्रत्यक्षात याहून कितीतरी अधिक पाऊस लागतो. कोकण आणि घाटमाथ्यावर हा हिशेब बहुधा जुलैच्या मध्यापर्यंत पुरा होत आलेला असतो. त्यानंतर एखादी मोठी झड आली, की भरलेल्या रांजणात आणखी पाणी सामावत नाही आणि रंध्रदाब काही तासांत झपाट्याने वाढतो.

तळियेच्या दुर्घटनेच्या वेळी नेमके हेच घडत होते. २२ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दोन दिवसांत सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील आंबेघर व मिरगाव, रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील पोसरे आणि पोलादपूर तालुक्यातील साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. घाटाच्या दोन्ही अंगांचे उतार जवळजवळ एकाच वेळी खचले, याचा अर्थ ते सारे आधीच काठोकाठ भरलेले होते. इर्शाळवाडीच्या परिसरात १७ ते १९ जुलै २०२३ या तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचे राज्य सरकारने विधिमंडळात सांगितले होते. वायनाडमध्ये कल्लडी येथील पर्जन्यमापकावर दुर्घटनेपूर्वीच्या ४८ तासांत ५७२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला.

जुलैच्या या नियमाला अपवाद आहेत आणि तेही बोलके आहेत. कोकण रेल्वेवर वैभववाडीजवळ २२ जून २००३ रोजी रुळांवर दगड येऊन गाडी घसरली आणि पन्नासच्या आसपास प्रवासी प्राणास मुकले. पुढच्याच वर्षी १६ जून २००४ रोजी मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अशाच प्रकारे अपघात झाला. हे जूनमध्ये का घडले? कारण तेथे मातीचा जाड थर भरून खचला नव्हता. लोहमार्गासाठी कापलेल्या उभ्या कड्यावरील दगड सुटले होते. खडकाच्या भेगेत पाणी शिरायला महिना लागत नाही. मोठ्या पावसाच्या काही तासांतही ते भेगेत साठते, दोन्ही बाजूंना रेटा देते आणि सुटत आलेला दगड ढकलून देते. डोंगर खचणे आणि दगड सुटणे या दोन वेगळ्या घटना आहेत, त्यांची घड्याळेही वेगळी आहेत. घाटरस्त्यावरून जाणाऱ्याला पहिल्या पावसापासून दगडांचा धोका असतो. पायथ्याच्या गावाला पाऊस मुरल्यावर डोंगराचा.

सह्याद्रीची घडण

सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हारसाचे थरांवर थर साचून तयार झाला. काळा पाषाण, म्हणजेच बेसॉल्ट, स्वतः भक्कम असतो. पण दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी तांबूस चिकणमातीसारखे पट्टे सापडतात. वरच्या खडकाच्या भेगांतून उतरलेले पाणी या पट्ट्यावर येऊन अडते आणि आडवे वाहू लागते. कड्याच्या मध्यावर, एका ठरावीक उंचीवर ओळीने झरे फुटलेले दिसतात, ते पुष्कळदा अशाच थरांमुळे. शिवाय कोट्यवधी वर्षांच्या ऊन-पावसाने खडकाचा वरचा भाग कुजून त्याचा मुरूम आणि माती झालेली असते. कड्यांवरून वेळोवेळी निखळलेला राडारोडा पायथ्याशी येऊन साचतो. हा साचलेला ढीगच पुढे गवताने झाकला जातो, त्यावर माती धरते, पाण्याचे झरे जवळ असतात आणि जमीन कसण्याजोगी असते. वस्त्या तेथेच वसतात.

पायथ्याच्या त्या जागेचे गुण आणि तिचा धोका हे एकाच कारणातून आलेले असतात. पाणी बारमाही मिळते, कारण डोंगराच्या पोटातील पाणी तेथेच बाहेर पडते. जमीन मऊ आणि सुपीक असते, कारण ती पूर्वीच्या दरडींनीच आणून टाकलेली असते. उतारावर वस्ती करणाऱ्यांना अज्ञानी ठरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे.

कोकणच्या सड्यांवर घडण थोडी निराळी आहे. तेथे वर जांभ्याची टणक, सच्छिद्र टोपी आणि तिच्याखाली मऊ चिकणमाती असते. जांभा पाणी झरझर आत घेतो, चिकणमाती ते अडवते. सड्याच्या कडेला खालची माती भिजून निसटली की वरचा जांभा तुकड्यातुकड्यांनी खाली येतो.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या अंदाजानुसार हिमाच्छादित प्रदेश वगळता देशाच्या भूभागापैकी १२.६ टक्के, म्हणजे सुमारे ४ लाख २० हजार चौरस किलोमीटर क्षेत्राला भूस्खलनाचा धोका आहे. त्यातील सुमारे ९० हजार चौरस किलोमीटर क्षेत्र पश्चिम घाट व कोकणच्या डोंगराळ पट्ट्यात येते. म्हणजे हा विषय केवळ हिमालयाचा नाही.

माती वाहू लागते तेव्हा

दरडीतून पळून जाता का येत नाही, असा प्रश्न दूर बसलेल्याला पडतो. खचणारी माती प्रथम तुकड्याने सरकते. ती पाण्याने गच्च भरलेली असेल तर सरकताना तिचे कण विस्कटतात, आवळले जातात आणि आतले पाणी निसटायला वाट न मिळाल्याने रंध्रदाब एकदम वाढतो. घन माती अशा वेळी दाट द्रवासारखी वागू लागते. ती घळीत उतरली की ओढ्याचे पाणी तिला मिळते, वाटेतले दगड आणि झाडे ती उचलते आणि तिचा लोंढा होतो. वायनाडमध्ये भूस्खलनाचा उगम समुद्रसपाटीपासून सुमारे १,५५० मीटर उंचीवर होता, आणि तेथून सुटलेला राडारोडा जवळपास आठ किलोमीटर वाहत गेल्याचे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने उपग्रह छायाचित्रांवरून दाखवले. उताराखाली नसलेल्या, पण ओढ्याकाठी वसलेल्या वस्त्याही त्यात वाहून गेल्या. धोका केवळ कड्याखाली असतो, ही समजूत त्यामुळे सोडून द्यावी लागते.

तेथील उगमाच्या ठिकाणी जंगल होते, हीही नोंद महत्त्वाची आहे. झाडांची मुळे मातीच्या वरच्या एक-दोन मीटरला बांधून ठेवतात, पाने पावसाचा मारा कमी करतात आणि झाडे मातीतील पाणी शोषून घेतात. उथळ दरडी त्यामुळे निश्चितच कमी होतात. मात्र खचण्याची पातळी मुळांच्या खाली, पाच-दहा मीटरवर असेल, तर जंगलासकट डोंगर खाली येतो. वृक्षलागवड हवीच, पण ती केली म्हणून पायथ्याचे गाव निर्धास्त झाले, असे होत नाही.

माणसाचा हात

डोंगराच्या या हिशेबात माणूस तीन ठिकाणी ढवळाढवळ करतो. पहिले ठिकाण म्हणजे पायथा. धान्याच्या राशीतून तळाचे धान्य ओढले की वरची रास घसरते. रस्ता, घर किंवा हॉटेलासाठी उताराचा पायथा उभा कापला, की वरच्या मातीचा टेकू जातो. तो कोरड्या दिवसांत जाणवत नाही, पहिल्या मोठ्या पावसाळ्यात जाणवतो. दुसरे ठिकाण म्हणजे माथा. कापलेली माती उतारावरच खाली ढकलून दिली जाते किंवा वर भराव टाकून बांधकाम होते, आणि आधीच तोलावर असलेल्या उताराचे वजन वाढते. तिसरे, आणि सर्वांत दुर्लक्षित ठिकाण, म्हणजे पाण्याची वाट. डोंगरावरचे ओहोळ बुजवले, मोऱ्या राडारोड्याने तुंबल्या, सपाटीकरण करून पाणी अडवले, तर जे पाणी वाहून गेले असते ते मुरते. माळीणच्या दुर्घटनेनंतर उतारावरील जमीन यंत्राने सपाट करण्याच्या प्रकारावर बरीच चर्चा झाली. आदिवासी शेतकरी हाताने, थोडी थोडी जमीन तयार करत ती पडकई आणि जड यंत्राने एकाच हंगामात केलेले सपाटीकरण यांचा उतारावर होणारा परिणाम सारखा नसतो.

शहरातील वाचकालाही हा विषय परका नाही. मुंबईत घाटकोपरच्या आझाद नगर येथे जुलै २००० मध्ये टेकडीचा भाग झोपड्यांवर कोसळून साठहून अधिक जण मृत्युमुखी पडले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी साकीनाक्यालाही दरड कोसळली. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरच्या वाशीनाका भागात भिंत घरांवर कोसळून १९ जणांचा बळी गेला. उताराला टेकून बांधलेल्या भिंतीच्या मागे पाणी साठले, तर भिंतीला मातीच्या जोडीने पाण्याचाही रेटा सहन करावा लागतो. म्हणून अशा भिंतीत पाणी निघण्यासाठी ठरावीक अंतरावर छिद्रे ठेवतात आणि मागे खडीचा थर भरतात. पावसात ही छिद्रे कोरडी दिसू लागली, तर पाणी भिंतीमागे अडलेले असण्याची शक्यता असते. गृहनिर्माण संस्थेच्या मागे टेकडी असेल तर रंगरंगोटीआधी या छिद्रांची सफाई होणे आवश्यक आहे.

किती पाऊस धोक्याचा?

कोणत्या पावसाला दरड कोसळेल, याचा आडाखा बांधण्याचे प्रयत्न जुने आहेत. नेल केन या भूरूपशास्त्रज्ञाने १९८० मध्ये जगभरातील ७३ घटनांची माहिती एकत्र करून पावसाची तीव्रता आणि कालावधी यांचा संबंध दाखवणारी रेषा आखली. तीनुसार दिवसभरात सुमारे १०० मिलिमीटर पाऊस झाला तर उथळ दरडी कोसळू शकतात. सह्याद्रीत मात्र हा आकडा जसाच्या तसा वापरता येत नाही. घाटमाथ्यावर जुलैत १०० मिलिमीटर पाऊस ही नित्याची बाब आहे, आणि रोज धोक्याचा इशारा दिला तर तो कोणी ऐकणार नाही. येथील उतार शतकानुशतके मोठा पाऊस सोसत आलेले आहेत. त्यांची मर्यादा अधिक आहे. कमी पावसाच्या प्रदेशात मात्र तेवढाच पाऊस अनर्थ घडवू शकतो. म्हणून मर्यादा प्रत्येक डोंगररांगेची वेगळी काढावी लागते, आणि तिच्यात आधीच्या पंधरा-वीस दिवसांचा पाऊसही मोजावा लागतो.

हे अशक्य नाही. हाँगकाँगमध्ये १८ जून १९७२ रोजी एकाच दिवशी दोन ठिकाणी उतार कोसळून १३८ जण मरण पावले. १९७६ मध्ये पुन्हा तसेच घडल्यावर १९७७ मध्ये तेथे उतारांसाठी स्वतंत्र अभियांत्रिकी कार्यालय स्थापन झाले. कापलेल्या प्रत्येक उताराची आणि भिंतीची नोंदवही तयार झाली, पाण्याचा निचरा सुधारण्यात आला आणि शंभराहून अधिक स्वयंचलित पर्जन्यमापकांच्या आधारे भूस्खलनाचे इशारे दिले जाऊ लागले. दाट वस्ती आणि तीव्र उतार असूनही तेथील मृत्यूंचे प्रमाण त्यानंतर खूपच घटले.

भारतात भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने १९ जुलै २०२४ रोजी कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू केले. पण खरा धडा वायनाडनेच दिला. तेथील ह्यूम सेंटर ही संस्था स्थानिकांच्या मदतीने जिल्ह्यात दोनशेहून अधिक ठिकाणचा पाऊस मोजते. मुंडक्कई परिसरातील मोजमापावरून आपण २९ जुलैच्या सकाळीच, म्हणजे दुर्घटनेच्या सुमारे सोळा तास आधी, जिल्हा प्रशासनाला सावध केले होते, असे या संस्थेने नंतर सांगितले. सोळा तासांत एक खोरे रिकामे करता येते.

यादीतील गावे आणि यादीबाहेरची

महाराष्ट्रात दरडग्रस्त गावांच्या याद्या आहेत आणि त्या आवश्यकही आहेत. परंतु इर्शाळवाडी अशा धोकादायक गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच सांगितले. यादी उताराचा स्वभाव सांगते. तो उतार आज किती भरला आहे, ते पर्जन्यमापक सांगतो. राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत. सपाटीवरील तालुक्याला ती बऱ्यापैकी पुरतात. डोंगरात मात्र एका मंडळातील दोन गावांच्या पावसात मोठी तफावत असू शकते, आणि माथ्यावरचे केंद्र पायथ्याच्या वाडीचा पाऊस सांगू शकत नाही. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात ठेवलेला साधा पर्जन्यमापक आणि रोज सकाळी त्याची नोंद ठेवणारा एक माणूस, ही व्यवस्था फार खर्चाची नाही.

मोजमापाच्या जोडीला डोंगर स्वतःही काही खुणा दाखवतो. उतारावर आडव्या, चंद्रकोरीसारख्या भेगा पडणे. झाडे किंवा विजेचे खांब कलणे. घराची दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे. नेहमी नितळ असलेल्या झऱ्याचे पाणी गढूळ होणे. जेथे कधी पाणी नव्हते तेथे पाझर फुटणे. पाऊस चालू असताना ओढ्याचे पाणी एकाएकी आटणे. शेवटची खूण सर्वांत निकडीची, कारण वर कोठेतरी मातीने ओढा अडवला असण्याची शक्यता असते. तो बांध फुटला तर हाती काही मिनिटेच उरतात. पावसाळ्यापूर्वी माथ्यावरच्या भेगा शोधून बुजवणे आणि पाण्याला बाजूने चर काढून देणे, हे काम गावपातळीवरही होऊ शकते.

तरीही घर सोडण्याचा निर्णय सोपा नसतो. गोठ्यात जनावरे असतात, लावणीचे दिवस असतात, आणि गेल्या वर्षी इशारा मिळूनही काही झालेले नसते. इर्शाळवाडीला मोटाररस्ता नव्हता. यंत्रे वर नेता आली नाहीत आणि बचावपथकांना चढ चढून हातांनी माती उपसावी लागली. अशा वाडीला रात्री अकरा वाजता मदत पोहोचू शकत नाही; तिला संध्याकाळी चार वाजता खाली आणावे लागते. त्यासाठी जनावरांसह राहता येईल असा निवारा जवळच हवा आणि इशारा खोटा ठरला तरी त्या कुटुंबाची मजुरी बुडणार नाही, अशी तरतूद हवी. अन्यथा आकडे बरोबर असूनही माणसे घरातच राहतील.

हवामानबदलामुळे हा हिशेब अधिक कडक होत चालला आहे. हवेचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. वायनाडवर कोसळलेला पाऊस मानवनिर्मित तापमानवाढीमुळे सुमारे दहा टक्के अधिक तीव्र झाला, असा निष्कर्ष ‘वर्ल्ड वेदर अॅट्रिब्यूशन’ या शास्त्रज्ञगटाने २०२४ मध्ये काढला. भरलेल्या रांजणावर आता पूर्वीपेक्षा मोठी धार पडणार आहे. डोंगराचा उतार बदलता येत नाही आणि पाऊसही थांबवता येत नाही. रांजण किती भरला, एवढे मात्र प्रत्येक वाडीला रोज सकाळी मोजता येते, आणि जुलैच्या मध्यानंतर त्या आकड्यावर नजर ठेवून संध्याकाळच्या आत निर्णय घेता येतो.